अनुभव धागा: डावं पान तापाचं, उजवं पान जपाचं

मधली_खोली

माळा आवरायला काढला होता. जुन्या फायलींच्या गठ्ठ्यात एक दोनशेपानी वही सापडली आणि आवरणं तिथेच राहिलं. आता पसाऱ्यातच बसून टंकतेय.

आईच्या केमोच्या वेळची वही. आठ वर्षं झाली. डाव्या पानावर बाबांचं अक्षर: वेळ, ताप, गोळी, पाणी किती प्यायली, पोट साफ झालं का. उजव्या पानावर आईचं: आज माळा किती झाल्या. बाबा पक्के नास्तिक, त्यात हिशोबतपासनीस. दोन वह्या कशाला म्हणाले, पानाला दोन बाजू असतातच.

आईला स्तनाचा कॅन्सर होता. आधी लाल औषधाचे ४ डोस, २१ दिवसांनी एक. मग दुसऱ्या औषधाचे दर आठवड्याला एक असे १२. ते लाल औषध सिस्टर मोठ्या सिरिंजने सावकाश हाताने सोडायच्या. आई शाळेत शिकवायची. पहिल्या दिवशी सिरिंज बघून म्हणाली, "जन्मभर पोरांच्या वह्या लाल केल्या, आता माझी तपासायला घेतलीय." घरी आल्यावर लघवी लाल झाली तेव्हा मात्र घाबरली. औषधाचाच रंग असतो हे आम्हाला सांगितलं होतं, पण ऐन वेळी कोणाला आठवतंय.

डॉक्टरांनी एक आकडा पाठ करून घेतला होता, १००.४. ताप तिथवर पोचला की घड्याळ न बघता निघायचं. दुसऱ्या डोसनंतर अकराव्या दिवशी रात्री पावणेदोनला १००.८. पांढऱ्या पेशी तळाला. पाच दिवस ॲडमिट.

आणि इथे उजव्या पानावर बाबांचं अक्षर सुरू होतं. आई तिथून फोन करून पहिला प्रश्न विचारायची, दिवा लावला का? बाबांना खोटं बोलता यायचं नाही. त्यामुळे लावावाच लागला.

"७.१० दिवा लावला. ७.१५ विझला. ७.१६ परत लावला. तेल कमी होते." खाली सही.
दुसऱ्या दिवशी: "७.०५ दिवा. टिकला." सही.

पाचही दिवस सह्या आहेत. देवाला हात जोडले का, ते कुठेच लिहिलेलं नाही. जोडले नसणार, नाहीतर नोंद केली असती.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, झोपेत. आई शेजारच्या खोलीत घोरतेय. वही तिला दाखवू का नको, ठरत नाहीये.

तुमच्याकडे काय चालायचं त्या दिवसांत? देव, घर, चिडचिड, काहीही लिहा. उपचारांचे सल्ले तेवढे नकोत.

उनाड_ढग

"टिकला." बास. आता मी ऑफिसात काय काम करू?

पाचवी_चावी

आमच्याकडे उलटं. भाविक नवरा आणि आजारी पण तोच. मी आपली देवाशी नमस्कार-चमत्कारापुरती.

आतड्याचा होता. त्याच्या औषधाने गार वस्तू सोसवत नाही, हातात झिणझिण्या येतात, गार पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा होतो. फ्रिजला हात लावायचा नाही, लावायचा तर हातमोजे. हे आम्हाला माहीत होतं. पण पहाटे गार पडलेली पितळेची मूर्ती उचलल्यावर काय होईल याचा विचार कुणी केला होता! ओरडला एकदम. मूर्ती ताम्हणात, ताम्हण फरशीवर, आवाजाने अख्खं घर जागं.

त्या दिवसापासून पूजा माझ्या गळ्यात. तो खुर्चीत बसून सूचना देणार. आधी हा, मग तो, अगं पुसून घे नीट. एक दिवस वैतागून म्हटलं, देव तुझा, हात माझे, निदान गप्प तरी बस. तर म्हणाला, पाणी कोमट घे ना, त्यांनाही गार लागत असेल.

सहा महिने देवांना कोमट पाणी. आता तो बरा आहे, स्वतः करतो, गार पाण्याने करतो. माझाच जीव वरखाली होतो.

अर्धी_हळद

पाचवी_चावी, हसू का रडू 😄 बाकी नवरे आजारी असोत नसोत, खुर्चीतून सूचना देतातच.

पाचवी_चावी

😂 अगदी

शेवटचा_डबा

माझा अनुभव गोड नाही, चालेल का?

वडील चौदा महिन्यांत गेले. फुप्फुसाचा. बिडी-सिगारेट कधी ओढली नाही. तरी प्रत्येक भेटायला येणारा तेच विचारायचा आणि 'नाही' म्हटलं की जरा निराश व्हायचा. मग कर्म काढायचे, मागच्या जन्मीचं. आई ते ऐकत तिथेच बसलेली असायची.

मी रोज पहाटे पाचला उठून स्तोत्र म्हणायचो, वडिलांच्या उशाशी बसून. ते गेले त्या दिवसापासून सोडलं. रागाने सोडलं म्हणा. पण जाग अजून पाचलाच येते. पडून राहतो. कधीकधी ओठ हलतायत असं बायको सांगते. मला माहीत नाही.

मधली_खोली

शेवटचा_डबा, चालेल काय विचारता. धागा त्यासाठीच आहे.

काटकोन

वाद घालायचा हेतू नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून. प्रार्थनेचा रुग्णावर काय परिणाम होतो याचा मोठा अभ्यास २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता. हृदयाच्या बायपासचे १८०२ रुग्ण होते, कॅन्सरचे नव्हेत. परक्या लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. गुंतागुंतीत फरक पडला नाही. उलट 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय' असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच दिसली, ५९ टक्के. न सांगता ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यात ५२.

अर्धी_हळद

म्हणजे करायची, पण पेशंटला सांगायचं नाही. समजलं.

काटकोन

हाहा. असाही निष्कर्ष निघू शकतो.

तसं माझी बहीण आजारी होती तेव्हा तिच्या उशाखाली आईने काय काय ठेवलं होतं. चादर बदलताना मी ते सगळं उचलायचो आणि परत होतं तसंच ठेवायचो. क्रमसुद्धा तोच. विचारू नका का.

उनाड_ढग

काटकोनभाऊ 🤗

ओली_पाटी

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. लेकीला साडेचारच्या वर्षी रक्ताचा. याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, हे पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा मी मनात मोजायला घेतलं की ती किती वर्षांची होईल, आणि पुढे ऐकूच आलं नाही.

तिला दिलेल्या औषधांपैकी एक सदाफुलीपासून मिळतं. हो, तीच, कुंडीतली. कॅनडातल्या संशोधकांना १९५०च्या दशकात त्या पानांत मधुमेहावर काही सापडतंय का ते बघायचं होतं. साखर काही उतरेना, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या. रक्ताच्या कॅन्सरात याच पेशी बेसुमार वाढतात, त्यावरून पुढे ही औषधं निघाली. नवऱ्याने वाचून दाखवलं आणि सासूबाई उठून थेट गॅलरीत. आमची सदाफुली तिथे कोपऱ्यात, कधी कुणी लक्षपूर्वक पाणीही घातलं नव्हतं. त्या कुंडीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आई, औषध कारखान्यात बनतं. म्हणाल्या, असू दे, माहेर इथलंच ना तिचं.

(कृपा करून कुणी पानं चावू नका. विषारी असतात. आमच्याकडे एका पाहुण्यांनी काढा सुचवला होता, सासूबाईंनीच त्यांना झापलं.)

गंमत बघा, ज्या झाडाला नमस्कार त्याचीच फुलं लेकीच्या खोलीत ठेवायची नाहीत. पेशी कमी असताना ताजी फुलं आणि साचलेलं पाणी जवळ नको म्हणून सांगितलेलं. मग काचेच्या दाराबाहेर कुंडी. ती आतून रोज सकाळी फुलं मोजायची. आकडे तिथेच शिकली. सत्तावीसच्या पुढे अडखळायची, कारण सत्ताविसाच्या वर फुलं कधी आली नाहीत.

आता चौथीत आहे. बाकी नंतर, कुकर लावायचाय.

लांब_सावली

'माहेर इथलंच ना तिचं' 🙏

निळी_शाई

माझ्या अब्बांचं सांगतो. दंडातून नळी घातली होती, ती भिजवायची नाही, सक्त ताकीद. अब्बांचा जीव वजूत, म्हणजे नमाजाआधी हात-पाय धुण्यात, अडकलेला. हात कोपरापर्यंत धुवायचे तर पट्टी मधे. मौलवीसाहेबांना विचारलं, ते म्हणाले पट्टीवरून ओला हात फिरवा, तेवढं पुरतं. अब्बांना पटेना. इतकं सोपं कसं असेल? सिस्टरनाही विचारलं! त्या बिचाऱ्या म्हणाल्या, काका, ओला म्हणजे किती ओला? मग दोघांनी मिळून ठरवलं. पट्टीवर प्लास्टिक, त्यावरून नुसता ओलसर हात. दोन्हीकडची परवानगी मिळाल्यावर माणूस शांत झाला.

खुर्चीवर बसून नमाज पढायचे. मी शेजारी. एरवी मी फक्त जुम्म्याचा माणूस. त्यांना उठताना आधार लागेल म्हणून बसायला लागलो, असं मी म्हणायचो. खुर्चीवर बसलेल्याला आधार कशाला लागतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

तिरपी_खिडकी

आत्ता डे-केअरच्या बाहेर बसून वाचतेय. आईची आज तिसरी केमो. सकाळी सातपासून, रक्ताचे रिपोर्ट आले की आत घेणार. सगळं वाचलं. लिहायला सुचत नाहीये. एक विचारू का, हातावरची चिकटपट्टी काढताना तिची कातडी सोलवटते. काही युक्ती?

पाचवी_चावी

आधी सिस्टरला सांग की कातडी नाजूक झालीय, त्यांच्याकडे वेगळी पट्टी असते. ओढायची नाही. एका हाताने कातडी दाबून धरायची आणि पट्टी कडेने सपाट मागे दुमडत सोडवायची.

अर्धी_हळद

पट्टीला तेल लावलं तर?

ओली_पाटी

सुई काढून झाल्यावर उरलेला चिकटा असेल तर चालतं. सुई किंवा नळी आत असताना जवळपास तेल अजिबात नको. पोर्ट (औषध सोडायला कातडीखाली बसवतात ती डबी) आहे का गं आईला?

तिरपी_खिडकी

नाही, शिरेतूनच. थँक्यू. रिपोर्ट आला, प्लेटलेट ठीक आहेत. बघू.

लांब_सावली

आजीचा पेट स्कॅन, कॅन्सर अंगात कुठे आहे ते बघायची तपासणी. फार छोटी गोष्ट आहे.

त्यात किरणोत्सारी साखर टोचतात. तिचा जोर साधारण ११० मिनिटांत निम्मा होतो, मग परत निम्मा. त्यामुळे त्या दिवशी लहान मुलांना काही तास जवळ घ्यायचं नाही. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा, पणजीच्या मांडीशिवाय झोपायचा नाही. आजी आत, दार बंद, हा बाहेर दाराला गाल लावून बसलेला. आजीने आतून गोष्ट सुरू केली, तिची नेहमीची, कावळ्याची. दोन शब्दांमधे धाप लागायची. हा दाराला टेकूनच झोपला. आजीला ते दिसत नव्हतं. ती सांगतच राहिली, शेवटपर्यंत, मग परत पहिल्यापासून. मी 'झोपला तो' म्हणून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

उनाड_ढग

हा धागा घरी जाऊन वाचायला हवा होता.

एक_दांडी_छत्री

जरा हलकं करतो. काकूचं रेडिएशन, आठवड्यातले ५ दिवस, अशी ५ आठवडे. खुणेसाठी छातीवर बारीक ठिपके गोंदतात, ते कायमचे राहतात. काकूने तिथल्या मुलीला विचारलं, गोंदतेच आहेस तर जरा नक्षी काढ ना.

आणि शनिवार-रविवार मशीन बंद, म्हणून त्या दोन दिवशी काकूने देवालाही सुट्टी दिली. म्हणायची, सोमवार ते शुक्रवार दोघंही कामावर असतात, दमत असतील.

अर्धी_हळद

काकू कमाल!! कशा आहेत आता?

एक_दांडी_छत्री

ठणठणीत. काकाला छळतात.

काटकोन

अवांतर: 'एक दांडी छत्री' म्हणजे नक्की काय? छत्रीला एकच दांडी असते ना?

एक_दांडी_छत्री

तुम्ही आमची छत्री बघितली नाहीत.

शेवटचा_डबा

छत्रीराव, तुमच्या काकूमुळे चौदा महिन्यांनंतर पहिल्यांदा देवाबद्दल हसलो. बायकोला वाचून दाखवलं.

मधली_खोली

सगळ्यांचं वाचलं. एकेकाला उत्तर द्यायचं होतं, पण आई उठली.

वही दाखवली. डावी पानं तिने भराभर उलटली, ताप, गोळी, त्यात तिला काही रस नव्हता. मग त्या पाच दिवसांवर थांबली. चष्मा लावला. मला वाटलं आता रडेल. म्हणाली, "विझला होता हे मला फोनवर बोलला नाही हो हा माणूस." आणि मग बराच वेळ, "सातला सांगितलं होतं, सात दहाला लावलाय."

पाचवी_चावी

😭😂

तिरपी_खिडकी

आईला आत घेतलं. पट्टी वेगळी मिळाली, पांढरी, कागदासारखी. मी बाहेर आहे. दुपारचे तीन तरी होतील. कुणी जागं असेल तर काहीतरी लिहीत राहा.

अर्धी_हळद

आहोत गं. छत्रीचा फोटो येऊ दे आधी.