मदत हवी आहे: आयसिंग साखळीत एंट्रॉपी रनागणिक बदलते, कॉन्करन्स शून्याला टेकतो

१२ स्पिनांची (वर किंवा खाली अशा दोन अवस्थांचे क्वांटम घटक) ट्रान्सव्हर्स आयसिंग साखळी (शेजारी स्पिन एकाच दिशेला राहू पाहतात, आडवं क्षेत्र एच त्यांना उलटवू पाहतं), टोकं जोडलेली. हॅमिल्टोनियनमध्ये (ऊर्जेच्या मॅट्रिक्समध्ये) शेजारच्या सिग्मा-झेड गुणाकारांचा गुणक उणे जे, प्रत्येक स्पिनवरच्या सिग्मा-एक्सचा उणे एच; जे = १. ४०९६ × ४०९६ चं स्पार्स मॅट्रिक्स पायथनच्या सायपाय लायब्ररीतल्या आयगएसएच फंक्शनला देऊन सर्वांत कमी ऊर्जेची स्टेट (ग्राउंड स्टेट) काढली आहे. घोळ असे:

एच = ०.१ ला अर्ध्या साखळीची एंट्रॉपी (उरलेल्या अर्ध्याशी असलेल्या एंटँगलमेंटचं, म्हणजे क्वांटम गुंतणुकीचं माप) कधी ०.९८ बिट, कधी ०.३. कोड तोच.

तिथेच शेजारच्या दोन स्पिनांमधला कॉन्करन्स (फक्त त्या जोडीतल्या एंटँगलमेंटचं माप, ० ते १) जेमतेम ०.००१. एंट्रॉपी एवढी असताना जोडीत काहीच कसं नाही?

एच = १ ला स्पिनसंख्या ६ ते १४ घेऊन अर्ध्या साखळीची एंट्रॉपी स्पिनसंख्येच्या नैसर्गिक लॉगसमोर मांडली, तर उतार ०.२४. अपेक्षा १/६, म्हणजे ०.१६७ ची.

जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १

तिसरं आधी, कारण ते किरकोळ आहे. ०.१६७ भागिले ०.६९३ म्हणजे ०.२४. एंट्रॉपी बिटांत आणि लांबी नैसर्गिक लॉगमध्ये, एवढंच झालंय. दोन्हीकडे एकच पाया ठेवा. आणि उद्या टोकं मोकळी सोडलीत तर उतार निम्मा, १/१२ होईल, कारण कापाच्या दोन जागांऐवजी एकच उरते.

पहिल्यात चूक सॉल्व्हरची नाही. एच लहान असताना खालच्या दोन स्टेटमधलं अंतर साधारण एच/जे च्या १२ व्या घातासारखं आटतं, म्हणजे इथे १० च्या उणे १२ व्या घाताच्या आसपास. आयगएसएचला त्या वेगळ्या काढता येत नाहीत. सुरुवातीचा वेक्टर यादृच्छिक असल्याने दर खेपेला दोघींचं वेगळंच मिश्रण हाती येतं. सगळे स्पिन वर किंवा सगळे खाली अशी स्टेट आली तर एंट्रॉपी जवळपास ०, दोन्हींची सम बेरीज आली तर १ बिट, नाहीतर मधलं काहीतरी.

उपाय: सगळे स्पिन उलटवणारा पॅरिटी ऑपरेटर हॅमिल्टोनियनमधून वजा करा. सिग्मा-झेडच्या बेसिसमध्ये तो म्हणजे उलट्या कर्णावर सगळे १. सम स्टेट (उलटवल्यावर तशाच राहणाऱ्या) १ ने खाली जातात, विषम (चिन्ह बदलणाऱ्या) १ ने वर. एच धन असताना कर्णाबाहेरचे घटक सगळे ऋण किंवा शून्य, त्यामुळे खरी ग्राउंड स्टेट सर्व धन सहगुणकांची, म्हणजे समच असते. नुसतं वेक्टर उलटा करून मूळ वेक्टरमध्ये मिळवण्याची पळवाट टाळा: हाती आलेली स्टेट जवळपास विषम असली तर बेरीज शून्याकडे जाते आणि नॉर्मलायझेशनमध्ये फक्त गोंगाट फुगतो.

प्रतिसाद २

दुसऱ्या प्रश्नात बग नाही. एच शून्याकडे गेला की सम स्टेट जीएचझेड होते, म्हणजे 'सगळे वर' आणि 'सगळे खाली' यांची सारख्या प्रमाणातली बेरीज. तिच्यातून १० स्पिन ट्रेस केले (हिशेबातून वगळले) की उरतं ते 'दोन्ही वर' आणि 'दोन्ही खाली' यांचं निम्मं-निम्मं अभिजात मिश्रण. सिग्मा-झेडचा परस्परसंबंध पूर्ण १, कॉन्करन्स ०. एंटँगलमेंट आहे, पण ते बाराही जणांचं मिळून आहे, जोडीचं नाही. कॉफमन, कुंडू आणि वूटर्स यांची २००० सालची असमानता (१२ स्पिनांसाठी ती ऑस्बर्न-व्हेरस्ट्रेट यांनी २००६ मध्ये सिद्ध केली) हेच मोजते: एका स्पिनच्या सगळ्या जोड्यांच्या कॉन्करन्स-वर्गांची बेरीज, त्याच स्पिनच्या घनता मॅट्रिक्सच्या (बाकीचे ट्रेस केल्यावर उरणाऱ्या मॅट्रिक्सच्या) डिटर्मिनंटच्या ४ पटीपेक्षा जास्त होत नाही. जीएचझेडला डावी बाजू ०, उजवी १.

कोड तपासायला डब्ल्यू स्टेट (नेमका एक स्पिन खाली, अशा बाराही शक्यतांची सारख्या प्रमाणातली बेरीज) घाला. प्रत्येक जोडीचा कॉन्करन्स २/१२ = ०.१६७ यायलाच हवा आणि दोन्ही बाजू ४४/१४४ ला तंतोतंत जुळायला हव्यात. मात्र जीएचझेड आणि डब्ल्यू दोन्ही सममित असल्याने स्पिनांचा क्रम चुकला तरी या चाचण्या बिनबोभाट पास होतात. एकदा स्पिन १ आणि ४ मध्ये बेल जोडी (आपसांत पूर्ण एंटँगल झालेले दोन स्पिन), बाकी सगळे वर, अशी स्टेट देऊन बघा.

कॉन्करन्सच्या सूत्रात नुसतं कॉन्ज्युगेट असतं, ट्रान्सपोज नको. तुमचे वेक्टर वास्तव असल्याने ही चूक इथे दिसणार नाही, कॉम्प्लेक्स स्टेटवर दिसेल. वर्गमुळाआधी आयगेनव्हॅल्यूचा वास्तव भाग घेऊन ऋण किमती ० करा, नाहीतर उणे १० च्या उणे १७ व्या घातावरून नॅन (अंक नसलेलं उत्तर) येईल.

धागाकर्ता

पॅरिटी वजा केल्यावर एंट्रॉपी १ बिटाच्या किंचित वर स्थिरावली. उतारही बसला. बेल जोडी मात्र १ आणि ४ ऐवजी ९ आणि १२ मध्ये सापडते आहे.

प्रतिसाद २

म्हणजे क्रम उलटा आहे. क्रोनेकर गुणाकारातला (एकेका स्पिनची मॅट्रिक्स जोडून मोठं मॅट्रिक्स बनवतात त्यातला) पहिला स्पिन सर्वांत वजनदार बिट असतो, तुमचा ट्रेस शेवटून मोजतोय. रीशेपनंतरचे अक्ष उलटवा. आणि शेजाऱ्यांच्या कॉन्करन्सचं शिखर एच = १ वर शोधू नका; २००२ मध्ये ऑस्टर्लोह, अमिको, फाल्ची आणि फाझियो यांनी दाखवलं तसं अनंत साखळीत तिथे त्याचं डेरिव्हेटिव्ह लॉगने फुटतं, म्हणजे अनंताकडे जातं. १२ स्पिनांत एच नुसारच्या डेरिव्हेटिव्हमध्ये फक्त एक बोथट उंचवटा दिसेल.