लॅपटॉप घेताना कंपनी बघितलीत की मॉडेल? अनुभव लिहा

घरातला लॅपटॉप अजून धडधाकट आहे, पण प्रोसेसर इतका जुना की विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवा घ्यायचाय म्हटलं की जो तो आपापल्या कंपनीची पालखी खांद्यावर घेऊन येतो. डेल घे डोळे झाकून. थिंकपॅडला तोड नाही. एकदाचा मॅक घे आणि सूट.

अशी वाक्यं नकोत. तुलना करताना नेमकं काय तपासलंत, वापरताना कशानं सुख दिलं आणि कशानं डोकं उठवलं ते सांगा. त्रास दिलेल्या कंपनीचं नाव टाळलंत तरी चालेल, त्रास मात्र नीट लिहा.

दुरुस्तीवाला

रोज सगळ्या कंपन्यांची मशिनं उघडतो, म्हणून सांगतो. कंपनी नंतर, आधी सिरीज बघा. एकाच कंपनीची घरगुती सिरीज आणि ऑफिसची सिरीज म्हणजे दोन वेगळी खानदानं. ऑफिसच्या एलिटबुक (एचपी), लॅटिट्यूड (डेल), थिंकपॅड टी (लेनोवो) यांची तुलना आपसात करा. घरगुती पॅव्हिलियन (एचपी), इन्स्पिरॉन (डेल), आयडियापॅड (लेनोवो) यांची आपसात. लोक थिंकपॅडशेजारी इन्स्पिरॉन ठेवतात आणि वर म्हणतात, डेलचं प्लॅस्टिक हलकं! (२०२५ पासून डेलनं डेल, डेल प्रो, डेल प्रो मॅक्स अशी नावं आणली आहेत, तेव्हा जुने रिव्ह्यू वाचताना गोंधळू नका.)

माझ्याकडे सगळ्यात जास्त काय येतं? हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी. हिंजचे स्क्रू पितळी नटांत बसतात आणि ते नट प्लॅस्टिकच्या खुंट्यांत रुतवलेले असतात. हिंज कडक झाली की उघडताना सगळा जोर खुंट्यांवर. एक दिवस कट्‌ असा आवाज येतो, कोपऱ्याशी फट पडते, आणि आत बघावं तर नट खुंटीसकट निघून आलेला. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडणाऱ्यांचं हे आधी होतं. दुकानात झाकण मधोमध धरून उघडा आणि खालचा पत्रा कोपऱ्यात उचलला जातोय का बघा.

दुसरं, घेण्याआधी सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. लेनोवो, डेल, एचपी तिघंही बहुतेक मॉडेलांची मॅन्युअलं फुकट देतात. त्यात रॅम काढायची कृती शोधा. सापडली नाही तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली (कायमची डाखलेली, बदलता न येणारी) आहे असंच धरून चाला, आणि पुढे लागेल तेवढी आजच घ्या.

व्हिडिओ एडिटर

वरच्यांशी सहमत, आणि त्यात भर. इंटेलचा आय७ प्रोसेसर म्हटलं की आय५ पेक्षा भारी, हे डोक्यातून काढून टाका. आय७-१२५५यू मध्ये मोठे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) २ आणि छोटे ८, बेस पॉवर १५ वॅट. आय५-१२५००एच मध्ये मोठे ४, छोटे ८, बेस ४५ वॅट. लांबलचक रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करून काढणं) लावला की हा आय५ त्या आय७ ला मागे टाकतो. शेवटचं अक्षर (यू की एच) आधी वाचा, मग आकडा.

ग्राफिक्स कार्डात तर याहून मोठी गंमत आहे. लॅपटॉपातलं आरटीएक्स ४०६० कंपन्या ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवू शकतात. स्टिकर तोच, नाव तेच. मी दोन कंपन्यांची मॉडेलं शेजारी ठेवली होती, एकीनं वॅटचा आकडा ठळक छापलेला, दुसरीच्या पत्रकात तो शेवटच्या तळटिपेत. जिनं लपवला तिचा कमीच होता. रिव्ह्यू बघताना पहिल्या मिनिटाचा स्कोअर सोडा, अर्ध्या तासानंतर स्पीड किती उरतो आणि पंख्याचा आवाज किती होतो ते बघा.

रायझनप्रेमी

एएमडीचा रायझन प्रोसेसर घेणाऱ्यांसाठी एवढंच: ७००० च्या सिरीजमध्ये तिसरा आकडा बघा, तो आतल्या रचनेची (झेनची) पिढी सांगतो. ७५२०यू म्हणजे झेन २, ७५३०यू म्हणजे झेन ३, ७६४०यू म्हणजे झेन ४. पहिला ७ नुसता मॉडेलचं वर्ष सांगतो. नव्या डब्यात जुना माल यालाच म्हणतात.

अनुवादक

तुमचे वॅट आणि कोअर तुम्हाला लखलाभ. मी दिवसभर टाइप करते, मला कीबोर्ड आणि पडदा हवा.

दुकानात उभ्याउभ्या चार बटणं दाबून काही कळत नाही. मी खुर्ची मागून घेतली आणि एक अख्खा परिच्छेद टाइप केला. तेव्हा कळलं की एकात होम आणि एंडला दरवेळी फंक्शन की लागते, दुसऱ्यात वरखालचे बाण अर्ध्या उंचीचे आहेत, तिसऱ्यात पॉवरचं बटण डिलीटला चिकटून. सेल्समन ताटकळला, ताटकळू दे. हे तिघंही स्पेसिफिकेशनच्या कागदावर अगदी एकसारखे होते.

पडद्याचं म्हणाल तर पत्रकात "४५ टक्के एनटीएससी" (रंगांचा आवाका) आणि "२५० निट्स" (उजेड) दिसलं की मी पुढे जाते. रंग फिके, आणि खिडकीशी बसलं की अक्षरांपेक्षा आपलाच चेहरा जास्त दिसतो. ओलेड सुंदर असतो यात वाद नाही, पण बरेच ओलेड पडदे ब्राइटनेस कमी केल्यावर वेगानं लुकलुकतात. डोळ्यांना दिसत नाही, काहींचं डोकं मात्र दुखतं. माझं दुखतं. मोबाईलचा कॅमेरा पडद्यावर धरलात तर पट्टे सरकताना दिसू शकतात.

मॅकवाला

मॅकची पालखी मीच उचलतो मग! ॲपलचा स्वतःचा एम१ प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मध्ये आला तेव्हापासून मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, त्यामुळे आवाज शून्य. बॅटरीबद्दल तक्रार नाही. पण मेमरी नंतर वाढत नाही, कधीच नाही. जुनी ८ जीबीची एअर स्वस्तात मिळतेय म्हणून उड्या मारू नका. ऑक्टोबर २०२४ पासून ॲपलनं एअरची सुरुवातच १६ पासून केली आहे. आणि दोन मॉनिटर जोडायचे असतील तर थांबा. एम१ आणि एम२ एअरला बाहेरचा एकच चालतो, एम३ ला दोन पण झाकण मिटून, एम४ ला झाकण उघडं ठेवून दोन. ऑफिसचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं असेल तर हे सगळं विसरा.

वैतागलेली

सगळे मॉडेल मॉडेल करताय, मी म्हणते कंपनीच बघा. म्हणजे तिची सर्व्हिस. माझ्या पडद्यावर उभी रेघ आली. वॉरंटी चालू होती, पण ती "आणून द्या"वाली. सेंटरनं मशीन ठेवून घेतलं, पार्ट नाही म्हणून आठवडेच्या आठवडे लोटले, फोन केला की रोज नवा आवाज, आणि दर वेळी कहाणी पहिल्यापासून. माझं काम त्याच मशीनवर. शेवटी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर दिवस काढले.

आता मी भाव विचारायच्या आधी दोनच प्रश्न विचारते. माणूस घरी येणार की मी जायचं? आणि अपघात, म्हणजे पडणं, पाणी सांडणं, यात येतं का? साध्या वॉरंटीत ते सहसा नसतंच.

दुरुस्तीवाला

ताई, हे बरोबर. फक्त एक, कंपनीची सर्व्हिससुद्धा सिरीजप्रमाणे बदलते. ऑफिसच्या सिरीजला घरी येऊन दुरुस्ती जास्त वेळा मिळते. आणि खोक्यावरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते पैसे द्यायच्या आधी बघा. काही वेळा ती गोडाऊनमध्येच पळायला लागलेली असते.

लिनक्सवाली

दुकानदार तयार असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) लाइव्ह, म्हणजे मशीनवर न बसवता, चालवून बघा. वायफाय, स्लीप, आवाज, बोटाचा ठसा. शेवटचा नापास झाला तर मी सोडून देते, पहिले दोन नापास झाले तर मशीनच सोडते.

धागाकर्ती

दुरुस्तीवाले, कोणी ऑफिसची सिरीजच पण वापरलेली घेतलीय का? नवीन घरगुतीच्या भावात ती बसते असं दिसतंय.

जुन्यातला गडी

मी घेतो, नेहमी तीच घेतो. तपासायचं असं. बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. विंडोजमध्ये पॉवरसीएफजीच्या कमांडनं निघतो. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्जला उरलेली क्षमता असे दोन आकडे येतात. दुसरा फारच खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वळते करून घ्या.

मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) शिरा. पासवर्ड मागितला की उठा. तिथे ठीक असेल तर विंडोज रिसेट करून, इंटरनेट जोडून, सुरुवातीचा सेटअप तुमच्यासमोर चालवायला सांगा. भलत्याच कंपनीचं नाव आणि तिचं लॉगिन मागणारं पान आलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या खात्यावर नोंदलेलं आहे. विकणारा "ते निघतं हो" म्हणेल. निघत असेल तर त्यानं आधी काढावं, पैसे मग.