इस्लाममध्ये आजच्या काळात सुधारणा होऊ शकते का?

प्रश्न: आम्ही चिपळूणकडचे कोकणी मुसलमान. धाकट्या बहिणीचा निकाह ठरतोय. नवऱ्याने दुसरं लग्न करायचं नाही, ही अट निकाहनाम्यात लिहून घ्या असं मी म्हणाले, तर मामू म्हणाले, "दीनमध्ये बदल होत नसतो." खरंच होत नाही?

उत्तर १: ताई, ट्युनिशियाने १९५६ साली बहुपत्नीत्वावर बंदी घातली आणि तलाक कोर्टातच होईल असा कायदा केला. आधार कुराणाचाच: सूरह निसा म्हणते, न्याय करता येणार नसेल तर एकच बायको करा, पुढे म्हणते, सगळ्यांशी सारखा न्याय तुम्हाला जमणारच नाही. मामूंना दोन्ही आयती शेजारी ठेवून दाखवा. तुमची अट तर हंबली फिकहला, म्हणजे सुन्नी धर्मशास्त्राच्या चार परंपरांपैकी एकीला, जुन्या काळापासून मान्य आहे. तुम्ही शाफई या दुसऱ्या परंपरेचे असाल, तरी हे सांगाच.

उत्तर २: कायदा वरून येतो, मन नाही. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई तुमच्याच चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी तिहेरी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला तेव्हा त्यात सात मुस्लिम स्त्रिया होत्या, फक्त सात! २०१७ साली सुप्रीम कोर्टाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला, तोही बायकांच्याच अर्जांवर. म्हणून मला बदलाची खात्री वाटते. मात्र असा तलाक देणाऱ्या नवऱ्याला २०१९ च्या कायद्याने ठेवलेला तुरुंग मला पटत नाही. नवरा आत गेला तर पोटगी कोण देणार?

प्रश्नकर्ती: दोन्ही आयती वहीत उतरवून घेतल्या. काझींकडे मी स्वतः जाणार आहे, बहिणीला घेऊन.