मदत हवी आहे: २५ डिसेंबर रोमन सणांवरून आला, याला पुरावा कितपत?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आमच्या वाचनमंडळात मला 'रोमन हिवाळी सण आणि नाताळ' या विषयावर बोलायचं आहे. श्रोत्यांत वसईकडची काही ख्रिस्ती कुटुंबंही असतात. 'नाताळ म्हणजे दुसऱ्यांचा चोरलेला सण' असा जो फॉरवर्ड दरवर्षी या सुमारास फिरतो, तो त्यांच्याही फोनवर येतो. म्हणून मी जे बोलेन ते पुराव्याला धरून असावं, अशी मनापासून इच्छा आहे. आतापर्यंत जमवलेलं खाली मांडते, जाणकारांनी तपासून द्यावं.

सॅटर्नालिया, म्हणजे सॅटर्न देवाचा रोमन हिवाळी सण, याबद्दल भरपूर मिळालं. मूळ दिवस १७ डिसेंबर, पुढे लांबत लांबत तो आठवडाभराचा झाला. रोमच्या फोरममध्ये सॅटर्नचं देऊळ होतं. मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या दोऱ्यांनी बांधलेले असत आणि ते या सणाला सोडत. इ.स.पू. २१७ मध्ये त्रासिमेनो सरोवराकाठी कार्थेजचा सेनापती हॅनिबलने रोमन सैन्याची धूळधाण केली. त्याच वर्षी सार्वजनिक मेजवानी झाली आणि शहरभर रात्रंदिवस सॅटर्नालियाचा घोष झाला, असं रोमन इतिहासकार लिव्हीने नोंदवलंय. सणात कोर्टकचेऱ्या बंद, टोगा हा औपचारिक पोशाख खुंटीला, आणि एरवी बंदी असलेला फाशांचा जुगार खुला. गुलाम मालकांच्या पंगतीला बसत, काही घरांत तर मालकांच्या आधी जेवत. रोमन लेखक धाकट्या प्लिनीने आपल्या लॉरेंटमच्या बंगल्यात एक खोली अशी ठेवली होती की घरच्यांनी खुशाल दंगा करावा आणि याच्या अभ्यासात खंड पडू नये.

खेळासाठी 'राजा' निवडत. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की एकदा तो मान तरुण बादशहा नीरोकडे आला. त्याने सावत्र भाऊ ब्रिटानिकसला सगळ्यांसमोर उभं करून गायला लावलं, त्याची फजिती व्हावी म्हणून. त्या पोराने बापाच्या घरातून आणि गादीवरून हुसकावलेल्या माणसाचं गाणं म्हटलं, आणि बसलेल्यांना त्याची दया आली. काही काळातच ब्रिटानिकसला विष देऊन मारण्यात आलं. हा प्रसंग मी सांगणारच. या सणाचं वर्णन करताना लोक गुलामांच्या 'मोकळीकी'वर फार भाळतात. ती आठवड्यापुरती होती आणि मालकाच्या मर्जीवर होती, हे ठासून सांगावंसं वाटतं.

खरी अडचण तारखेची आहे. सॅटर्नालिया २३ डिसेंबरला संपतो, मग २५ कुठून आली? फॉरवर्ड म्हणतो, ऑरेलियन बादशहाने २७४ मध्ये 'सोल इन्व्हिक्टस' म्हणजे अजिंक्य सूर्याचा जन्मदिन २५ डिसेंबरला सुरू केला आणि चर्चने तो उचलला. ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये सूर्याचं भव्य देऊळ उभारलं, हे पक्कं आहे. पण त्याने २५ डिसेंबर ठरवला, हे कुठल्या समकालीन ग्रंथात आहे का?

दुसरी शंका मिथ्राची, म्हणजे रोमन साम्राज्यात पुजल्या जाणाऱ्या एका देवाची. तो २५ डिसेंबरला जन्मला, बारा शिष्य होते वगैरे सगळीकडे वाचायला मिळतं. हे मूळ कुठून आलं?

आणि शेवटचं म्हणजे झाड, भेटवस्तू, मेणबत्त्या यांतलं नेमकं काय रोमन? हे सांगितलंत तर मोठी मदत होईल. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद – जुनी_नाणी

ताई, विषय फार चांगला घेतलात. सगळा वाद ज्या एका हस्तलिखितावर उभा आहे, तिथूनच सुरुवात करा.

३५४ साली रोममध्ये व्हॅलेंटिनस नावाच्या एका श्रीमंत ख्रिस्ती गृहस्थासाठी एक सुंदर पंचांगवजा ग्रंथ तयार झाला. अक्षर फिलोकॅलस या नामांकित लेखनकाराचं. मूळ प्रत नष्ट झाली, पण नकलांवरून मजकूर हाती आहे. त्यातल्या नागरी दिनदर्शिकेत २५ डिसेंबरला 'अजिंक्याचा जन्मदिन, ३० रथशर्यती' अशी नोंद आहे. त्याच ग्रंथात हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची एक यादी आहे. ती ३३६ च्या सुमाराची धरतात. तिची सुरुवातच 'ख्रिस्त यहुदियातल्या बेथलेहेमात जन्मला' अशी होते, आणि तारीख तीच, २५ डिसेंबर.

म्हणजे दोन्ही सणांचा त्या तारखेचा सगळ्यात जुना निर्विवाद लेखी पुरावा एकाच ग्रंथात आहे! कोणी कोणाचा उचलला, हे त्यावरून ठरत नाही. ऑरेलियनने हा दिवस ठरवल्याचं समकालीन लेखन नाही. उलट त्याच दिनदर्शिकेत सूर्याचे इतर दिवस ऑगस्टात आणि ऑक्टोबरात आहेत, आणि ऑक्टोबरातला उत्सव तर अनेक दिवसांचा आहे. स्टीव्हन हायमन्स यांच्यासारखे अभ्यासक याच कारणाने '२५ डिसेंबर हा सूर्याचा मोठा पारंपरिक सण' ही समजूत मानत नाहीत.

'चर्चने मुद्दाम तारीख हलवली' असं स्पष्ट सांगणारी एक टीप आहे, पण ती बाराव्या शतकातल्या दायोनिसियस बार सलिबी या सीरियन बिशपच्या ग्रंथाला कोणा अनामिकाने जोडलेली. घटनेनंतर आठशे वर्षांनी. मी तरी तिच्यावर फार भार टाकणार नाही.

मिथ्राचं सोडूनच द्या. त्याचा जन्म २५ डिसेंबरला झाला असं सांगणारा एकही प्राचीन स्रोत नाही. तो खडकातून जन्मतो, हे मात्र शिल्पांत खूप दिसतं. त्याला सूर्याशी जोडून 'अजिंक्य' म्हणत, म्हणून सूर्याची तारीख नंतरच्या लेखकांनी त्याच्या खात्यावर टाकली. बारा शिष्यांनाही आधार नाही. शिल्पांत त्याच्याभोवती दिसतात त्या बारा राशी.

प्रतिसाद – पंचांगवाचक

नाण्याची दुसरी बाजूही मांडा. लॅटिन ख्रिस्ती लेखकांत तेर्तुलियनपासून, म्हणजे साधारण २०० सालापासून, येशूला २५ मार्चला क्रूसावर चढवलं अशी परंपरा दिसते. पुढे बिशप ऑगस्टीन स्पष्ट लिहितो की येशू गर्भात आला तोही २५ मार्चलाच आणि जन्मला २५ डिसेंबरला. नऊ महिने मोजा, तारीख जुळते. पूर्वेकडे ६ एप्रिल धरत, तिथून ६ जानेवारी येते. आर्मेनियन चर्च आजही जन्मोत्सव ६ जानेवारीलाच करतं. फ्रेंच इतिहासकार लुई दुशेन यांनी १८८९ मध्ये ही उपपत्ती मांडली. गंमत म्हणजे सूर्यसणाच्या बाजूने लिहिणाऱ्या हेर्मान उझेनर यांचं पुस्तकही त्याच वर्षीचं.

श्रोत्यांतून हमखास येणारा प्रश्न म्हणजे अयनदिन (वर्षातला सर्वांत लहान दिवस) २१-२२ ला असतो, मग २५ का? जूलियस सीझरने आणलेल्या जूलियन दिनदर्शिकेत हिवाळी अयनदिन परंपरेने २५ डिसेंबरला धरत, रोमन लेखक थोरला प्लिनीही तसंच लिहितो. पण ते वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा किंचित लांब असल्याने अयनदिन हळूहळू मागे सरकला. १५८२ च्या ग्रेगरियन सुधारणेत दहा दिवस गाळले, ते ३२५ च्या निकेया इथल्या चर्चच्या परिषदेच्या काळातली स्थिती परत आणण्यासाठी, सीझरच्या काळातली नव्हे. म्हणून आज तो २१-२२ वर थांबलाय.

प्रतिसाद – वसईकर

ताई, आमच्याबद्दल काळजी वाटली म्हणून धन्यवाद. पण बिनधास्त बोला. शुभवर्तमानात जन्माची तारीखच नाही, हे आमचे फादरही प्रवचनात सांगतात. त्याने आमच्या श्रद्धेला काही धक्का लागत नाही. राग येतो तो 'चोरी' या शब्दाचा. रोममधले पहिले ख्रिस्ती कोणी बाहेरून आलेले लुटारू नव्हते. तीच माणसं, तीच घरं, तेच शेजारी.

आणि धर्मगुरूंनी सगळं आनंदाने सामावून घेतलं असंही नाही. तेर्तुलियन तक्रार करतो की आपले लोक सॅटर्नालियाला आणि जानेवारीच्या सणाला जातात, भेटींची देवाणघेवाण करतात. पाचव्या शतकात पोप लिओ आपल्या नाताळच्या प्रवचनात चिडून सांगतात की सेंट पीटरच्या पायऱ्या चढून आलेले काही ख्रिस्ती आत शिरण्याआधी मागे वळून उगवत्या सूर्याला वाकतात. एवढा एक प्रसंग सांगितलात तरी लोकांना खूप काही कळेल.

प्रतिसाद – जुनी_नाणी

वसईकर, +१. त्याला जोडून एक. पोप ग्रेगरींचं ६०१ सालचं धर्मप्रचारक मेलिटसला लिहिलेलं पत्र या चर्चेत नेहमी येतं: देवळं पाडू नका, मूर्ती काढा, तीर्थ शिंपडा, बैल कापायचेच तर आपल्या सणाला कापून मेजवानी करा. ते इंग्लंडमधल्या मोहिमेबद्दल आहे आणि ३३६ च्या नोंदीनंतर अडीचशेहून जास्त वर्षांनी लिहिलेलं. नाताळच्या तारखेसाठी ते लागू नाही.

झाडाचा रोमशी संबंध लावू नका. सजवलेलं झाड सोळाव्या-सतराव्या शतकातल्या जर्मन भाषिक प्रदेशातलं. १६०५ चं स्ट्रासबर्गचं वर्णन प्रसिद्ध आहे. भेटी आणि मेणबत्त्या मात्र सॅटर्नालियात नक्की होत्या, आणि १ जानेवारीच्या सणातल्या 'स्ट्रेने' या भेटीही. मला विचाराल तर सॅटर्नालियापेक्षा हा जानेवारीचा सण जास्त चिवट होता. ४०० च्या सुमारास अमासियाचा बिशप ॲस्टेरियस त्याच्याविरुद्ध अख्खं प्रवचन करतो, म्हणजे सण जोरातच चालू असणार.

आणखी एक: 'नाताळ मूळचा मूर्तिपूजकांचा' हा युक्तिवाद प्रथम जोरात केला तो कडव्या प्रोटेस्टंटांनी. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तारखेच्या दोन्ही उपपत्ती शेजारी शेजारी ठेवते आणि ३५४ चा ग्रंथ मधोमध. 'चोरी' हा शब्द शीर्षकातही येणार नाही, वसईकर. जानेवारीच्या सणाला वेगळा वेळ देते, तो माझ्या टिपणात अगदीच त्रोटक होता.

एक शेवटची मदत: भेटवस्तूंवरचे रोमन कवी मार्शलचे दोन-दोन ओळींचे श्लोक वाचून दाखवायचे आहेत. कुठले निवडू?

प्रतिसाद – पंचांगवाचक

चौदावं पुस्तक घ्या. त्यात श्रीमंताची भेट आणि गरिबाची भेट आळीपाळीने येते, म्हणून सुटे न निवडता लागोपाठच्या जोड्या घ्या. फासे, अक्रोड-बदामासारखी कवचफळं, दातकोरणी, मेणबत्ती, चर्मपत्रावर लिहिलेलं व्हर्जिल कवीचं काव्य, सगळं आहे. लॅटिनवरून मी काहींचा मराठी गद्य अनुवाद केलाय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.