मदत हवी आहे: अवयव न सापडता संख्या मूळ नाही हे कसं ठरवतात?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय, चाटी गल्लीत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. पोरगी दहावीला आहे, तिला मूळ संख्यांचा लई नाद लागलाय आणि तिनं असा प्रश्न विचारलाय की "पुढं कॉलेजात कळेल" म्हणून तिला वाटेला लावणं मला पटत नाही.

संख्या आहे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७, म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं १६४४ मध्ये ही मूळ आहे असं लिहून ठेवलं, १८७६ मध्ये ल्यूकास नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं ती मूळ नाही हे सिद्ध केलं पण अवयव एकही दिला नाही, आणि अवयव मिळाले थेट १९०३ मध्ये, कोल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं गुणाकारच करून दाखवला: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. पोरगी म्हणते, पप्पा, भागणारा आकडाच हातात नाही तर मग मूळ नाही हे कुणी कसं म्हणायचं? तिला शाळेतली रीत माहितीये, वर्गमुळापर्यंत भागत जायचं, पण इथं वर्गमूळच १२०० कोटींच्या वर जातं.

नेटवर एक रीत मिळाली. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करून २ वजा, मग आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवायची, परत तेच, एकूण २ च्या घातापेक्षा दोन कमी वेळा. १२७ (२ चा ७ वा घात वजा १) साठी कागदावर पाच वेळा केलं: ४, १४, ६७, ४२, १११, ०. शून्य आलं म्हणजे मूळ. २०४७ ला (२ चा ११ वा घात वजा १) शेवटी १७३६ उरतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९, म्हणजे रीत बरोबर चालते. पण का चालते ते सांगा की ओ कुणीतरी, दहावीच्या पोरीला कळेल असं. आणि मोठ्या संख्येला मोबाईलचा कॅल्क्युलेटर शेवटचे आकडे खाऊन टाकतो, त्याला काय करायचं? त्या उरलेल्या बाकीवरून अवयव काढता येतात का?

—

मालक, मुलीला सांगा की २+√३ आणि २−√३ यांची बेरीज ४ आणि गुणाकार १. दोघांचे वर्ग करून बेरीज केली की आधीच्या बेरजेचा वर्ग वजा २ मिळतो, करून बघू दे तिला, १४ च येईल. म्हणजे तुमची ती साखळी याच दोघांच्या घातांची बेरीज आहे. संख्या खरंच मूळ असेल तर अशा घातांची बाकी मनाला येईल ती राहू शकत नाही, ठरलेल्या पायरीवर शून्य यावंच लागतं. त्याची पूर्ण सिद्धता दहावीच्या पुढची आहे, पण शून्य आलं नाही तर मूळ नाही, एवढं तिला आत्ताच पटेल. संध्याकाळी गल्ला जुळला नाही तर हिशोबात चूक आहे हे पक्कं कळतं, कुठली पावती चुकली ते कळत नाही, तसंच. त्यामुळं बाकीवरून अवयव मिळत नाहीत.

मोबाईलवर पायथन (प्रोग्रॅम लिहायची भाषा) टाका, फुकट आहे, पूर्णांक कितीही मोठा असला तरी एकही आकडा खात नाही. ६७ साठी ४ च्या पुढं ६५ वेळा वर्ग करायचेत, क्षणात होतं.

—

भाऊ, मनापासून आभार, √३ चं तिनं लगेच करून बघितलं, १४ आलं, मग १९४ पण आलं. आता विचारतीये की कोलनं मग कुठले आकडे तपासले, सगळे तर शक्यच नाहीत?

—

सगळे लागतच नाहीत. इथं ६७ मूळ आहे, म्हणून या संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवातून १ वजा केला की ६७ च्या दुपटीनं, म्हणजे १३४ नं, भाग जातोच. शिवाय त्या अवयवाला ८ नं भागलं की बाकी १ किंवा ७ च. कोलचा लहान अवयव घ्या, १३४ गुणिले १४,४५,५८० अधिक १. दुसरा तिला स्वतः भागू दे.