मदत हवी आहे: काउंटर नोटीशीचे दिवस कधीपासून मोजायचे?

अमेरिकेच्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याच्या (१९९८) कलम ५१२ बद्दल विचारायचंय. काउंटर नोटीस (तक्रारीवरून काढलेला मजकूर परत लावा, असं तो टाकणाऱ्यानं होस्टला, म्हणजे मजकूर ठेवणाऱ्या साइटला, पाठवलेलं पत्र) मिळाल्यावर तक्रारदारानं दावा दाखल केल्याचं कळवलं नाही, तर होस्टनं १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत लावायचा, इथवर स्पष्ट आहे. नोटीशीत सही, काढलेल्या मजकुराची जुनी लिंक, नाव-पत्ता-फोन, तो चुकून काढल्याचं शपथेवरचं विधान आणि कोर्टाचा अधिकार मान्य असल्याचं वाक्य लागतं. हे शेवटचं वाक्य हमखास निसटतं. मग अपुरी नोटीस दुरुस्त करून पुन्हा पाठवली, तर दिवस कोणत्या तारखेपासून धरायचे? आणि ती नियुक्त एजंटऐवजी (म्हणजे होस्टनं अशा नोटिशी घ्यायला नेमलेल्या व्यक्तीऐवजी) सपोर्टच्या ईमेलवर गेली असेल तर? नोटीशीची प्रत, म्हणजे घरचा पत्तासुद्धा, तक्रारदाराकडे जातो. म्हणून कृपया हे प्रत्यक्ष हाताळलेल्यांनीच सांगा, अंदाज नकोत.