स्त्रियांचा श्रमसहभाग वाढला, रोजगाराचं काय?

आकडेप्रेमी: पीएलएफएस या सरकारी श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग (काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण) २०१७-१८ला २३.३ टक्के होता, २०२३-२४ला ४१.७. तरी 'नोकऱ्या कुठायत' हे पालुपद चालूच. वाढ मान्य करायला जड का जातं?

तळटीप: वाढ मान्य, तुमचा निष्कर्ष नाही. नुसती ठळक टक्केवारी फिरवायची आणि पुढचं कोष्टक उघडायचंच नाही, याचाच संताप येतो. काम करणाऱ्या स्त्रियांत नियमित पगारी २१ टक्क्यांवरून १५.९वर आल्या. घरच्या उद्योगातल्या मदतनीस, म्हणजे सर्वेक्षणातला कोड २१, ३१.७वरून ३६.७वर गेल्या. त्यांच्या हाती दमडी पडत नाही, तरी मोजणी रोजगारातच.

आकडेप्रेमी: हा वाटा झाला, संख्या नव्हे! कामगार-लोकसंख्या गुणोत्तर, म्हणजे शंभरांमागे प्रत्यक्ष काम करणाऱ्या, २२वरून ४०.३वर गेलंय. गुणाकार करा: शंभर स्त्रियांमागे पगारी साधारण ४.६ होत्या, २०२३-२४ला ६.४. घटल्या कुठे?

तळटीप: बरं, घटल्या नाहीत. मग तोच गुणाकार मदतनीसांसाठीही करा: ७वरून जवळपास १५. एकूण वाढ १८ची, त्यात पगारी दोनसुद्धा नाहीत.

गोठा_ते_गणना: दोघंही कोड २१ पक्का धरून चालला आहात. घोळ तिथेच आहे. घरातल्या सगळ्यांची माहिती बऱ्याचदा एकच माणूस देतो. तो म्हणाला 'ती घरीच असते', की कोड ९२, म्हणजे फक्त घरकाम. 'विकायच्या दुधाच्या म्हशींचं कोण बघतं?' असं खोदून विचारलं, की तीच बाई २१. वर्षातला जास्त काळ घरकामात गेला तरी ३० दिवसांचं दुय्यम काम तिला नेहमीच्या स्थितीत, म्हणजे वर्षभराच्या हिशेबात, 'कामगार' ठरवायला पुरतं. साप्ताहिक स्थितीत, म्हणजे मागच्या सात दिवसांच्या हिशेबात, तर आठवड्यात एक तास!

आकडेप्रेमी: हे निकष २०१७-१८लाही हेच होते. निकष तेच असताना वाढीचं खापर त्यांच्यावर कसं फोडता?

गोठा_ते_गणना: निकष तेच, विचारणारा तोच नसतो. खोदून विचारणं वाढलं याचा पुरावा माझ्याकडे नाही, हे कबूल. पण नाहीच वाढलं, हेही तुम्ही दाखवलेलं नाही.

तळटीप: खोदून विचारलंच पाहिजे, नाहीतर तिचे कष्ट कुठेच दिसणार नाहीत. माझं भांडण त्याला 'नोकरी' म्हणण्याशी आहे. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) २०१३च्या ठरावात घरच्या वापरापुरतं उत्पादन रोजगारातून वेगळं काढलंय. आपल्याकडे घरी खाण्यापुरतं पिकवणारीही कामगारच.

आकडेप्रेमी: शेतीप्रधान देशात ती कामगार नाही तर कोण?

गोठा_ते_गणना: साप्ताहिक भागात सातही दिवसांचे तास नोंदलेले असतात. मूळ विदा (डेटा) मोफत मिळते. कोड २१चे तास वेगळे काढा, दुय्यम कामवाल्या बाजूला ठेवा आणि मग दोन्ही वर्षं शेजारी मांडा.